झाकलेली ओल

आनंदराव गजभियेंच्या हॉलमध्ये पाय ठेवला की माणूस आधी "वा!" म्हणायचा आणि लगेच शिंकायचा.

"वा!" म्हणायचा, कारण हॉल खरोखरच देखणा झाला होता. चारही भिंतींना लाकडासारखे दिसणारे चकचकीत प्लास्टिकचे पॅनल, छताच्या कडेनं पिवळा उजेड, समोर तथागतांची आणि बाबासाहेबांची फ्रेम. महिनाभरापूर्वी ह्याच हॉलमध्ये कमरेएवढं पाणी होतं असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवला नसता. आणि कोणी तो ठेवू नये, ह्यासाठीच तर आनंदरावांचा सगळा खटाटोप होता!

सप्टेंबरात मैत्रेय कॉलनीमागचा नाला फुगला आणि खालच्या मजल्यावरच्या एकूण एक घरात शिरला. पावसाचं स्वच्छ पाणी नव्हे, नाल्याचं! अर्ध्या शहराचे संडास ज्यात रिकामे होतात ते. गाद्या फुगून म्हशीसारख्या झाल्या, फ्रिज तरंगत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आला. पाणी ओसरलं, गाळ उपसला, फरशी फिनाइलनं पुसली. आणि मग आनंदरावांच्या डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली. दसरा!

दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे कुही-पारशिवनीकडचे सगळे नातेवाईक त्यांच्याच घरी उतरत. वडिलांच्या वेळेपासूनची रीत. हॉलभर सतरंज्या अंथरायच्या, भिंतीकडे उशा करायच्या, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून अंगावरच्या लेकरांपर्यंत सगळे दाटीवाटीनं झोपायचे. त्या पाहुण्यांना पोपडे निघालेल्या ओल्या भिंती दाखवायच्या? बँकेत हेडक्लार्क असलेल्या माणसानं? छे! आनंदरावांनी इंटेरियरवाल्या मार्तंडला बोलावलं आणि सांगितलं, "दसऱ्याच्या आत घर नव्यासारखं करून दे. पाण्याचा एक डाग दिसला नाही पाहिजे."

मार्तंडनं डाग दिसू दिला नाही.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी कुहीहून थोरली बहीण कौसल्या आली, मदतीला म्हणून. सोबत तिची लेक सोनिका. दारातच कौसल्याबाईंनी गालाला हात लावला.

"अरे आनंद, घर आहे का हॉटेल गा! मले तं चप्पल कुठं काढू हेच समजून नाही राहिलं."

"काढ कुठंही! आता तरी म्हणशील ना ताई, का भाऊ काही कमी नाही!"

तेवढ्यात आनंदरावांच्या पत्नी, दीपमालाबाई, चहा घेऊन आल्या. मध्येच थांबल्या. एक हात दाराच्या चौकटीला टेकवला. "घ्या ताई... चहा... थंडा..." आणि पुढचा शब्द खोकल्यात बुडाला.

"अवं, पाहुणे आले, जरा हसून तं बोल," आनंदराव म्हणाले. "ताई, हिले नवं घर पाहूनच धडकी भरली! सारा दिवस खो खो. काही नाही, हवा बदलली."

सगळे हसले. सोनिका हसली नाही.

ही सोनिका सिव्हिल इंजिनिअर. पुण्याच्या एका कंपनीत होती, आणि पुराचं पाणी शिरलेली घरं, दवाखाने, ऑफिसं पुन्हा राहण्याजोगी करणं हे त्या कंपनीचं काम. घरात ते कोणालाच धड कळलं नव्हतं. "पाणी पुसायले इंजिनिअर लागते का वं?" असं आनंदराव दर वर्षी तिला चिडवत.

"मामी," सोनिका म्हणाली, "तुम्ही एकही वाक्य पुरं करून नाही राहिल्या. कधीपासून आहे हे?"

दीपमालाबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "हे पट्टे... लावले... तवापासून. मी झोपते ना... त्या भिंतीकडं... डोकं करून."

"डॉक्टरले दाखवलं?"

"अवं, सर्दी आहे साधी!" आनंदराव मधेच बोलले.

सोनिकानं पिशवीतून ओल मोजायचं, मोबाइलएवढं एक यंत्र काढलं. त्याला पुढे दोन टोकदार सुया. ती आधी जिना चढून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली आणि जिथं पाणी पोचलंच नव्हतं त्या भिंतीला सुया टेकवल्या. यंत्र गप्प. मग खाली आली. पॅनल जिथं संपत होते तिथं, तिच्या डोक्याच्याही वर, हात उंच करून सुया टेकवल्या. यंत्र किंचाळलं!

"पाणी कमरेएवढंच होतं," आनंदराव चिडून म्हणाले. "तुझं मशीन बिघडलं आहे."

"मशीन नाही बिघडलं, मामा. वीट पाणी पिते अन् वर चढवते. वरची भिंत कोरडी, म्हणून तिथं हे बोललं नाही. ही भिंत अजून ओली आहे, अन् तुम्ही तिले प्लास्टिकचा रेनकोट घातला. पाणी बाहेर निघन कुठून? पॅनल काढा लागन."

"काय?" आनंदरावांचा आवाज चढला. "परवा सारं गणगोत येऊन राहिलं अन् तू भिंत उघडी करते? लोकं काय म्हणतील? बाकीच्यायनंही हेच केलं कॉलनीत, ते का सारे भैताड आहेत?"

"मामा, सकाळ-संध्याकाळ वंदना घेता ना तुम्ही? त्यात धम्माबद्दल काय म्हणतो आपण? ये, आपल्या डोळ्यानं पाह्य, मग मान. धम्म पारखून घ्यायले तथागत सांगतात, अन् तुम्ही स्वतःच्या घरची भिंत पाहायले भेऊन राहिले?"

आनंदराव ओरडायला निघाले. पण त्याआधी दीपमालाबाई उठल्या. भिंतीपाशी गेल्या, दोन्ही फ्रेमा पदरानं पुसून उतरवल्या आणि कौसल्याबाईंच्या हातात दिल्या. मग दम घेत घेत म्हणाल्या:

"उघड, सोनिका. श्वास... माझा... कोंडून राहिला. घेताच... येत नाही."

इतक्या वर्षांत दीपमालाबाईंनी नवऱ्याच्या तोंडावर असं काही म्हटलं नव्हतं.

सोनिकानं आधी त्यांना अंगणात खुर्चीवर नेऊन बसवलं. "मामी, कितीही हाक मारली तरी आत यायचं नाही." मग स्वतः मास्क लावला, मामालाही लावायला लावला आणि घराचा मेन स्विच पाडला.

"आता मेन काहून? पॅनल उघडून राहिली का ट्रान्सफॉर्मर?" आनंदराव पुटपुटले.

"पुराचं पाणी लागलेल्या घरात पहिलं काम हेच असते, मामा. बाकी सारं नंतर."

पहिला पॅनल निघाला.

आणि जो वास बाहेर आला! कुजलेल्या कांद्याचा, गटाराचा, मेलेल्या उंदराचा, सगळ्यांचा एकत्र. कौसल्याबाई पदर नाकाला लावून मागे सरल्या. भिंत काळी होती. रंग दिल्यासारखी नव्हे, केसाळ काळी! त्यावर हिरवे, राखाडी ठिपके, बोट लावलं तर भुकटी उडेल असे. खाली नाल्याच्या गाळाचा थर तसाच वाळून चिकटलेला. ज्या प्लायच्या पट्ट्यांवर पॅनल ठोकले होते त्या चहात बुडवलेल्या टोस्टसारख्या मऊ झाल्या होत्या.

"बाप्पा रे!" कौसल्याबाई किंचाळल्या. "याच्याकडं डोकं करून झोपत होती माझी भावजय?"

आनंदराव पुढे झाले आणि दुसरा पॅनल रागारागानं ओरबाडायला लागले.

"थांबा!" सोनिका ओरडली. "असं ओढलं तं ही बुरशी साऱ्या घरात उडन. आधी ओलं करा लागते, मग हळूच काढा लागते. अन् हात मागं घ्या! तिथं पाहा!"

दुसऱ्या पॅनलमागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कूलरचा जुना सॉकेट होता. पुरात बुडालेला. मार्तंडच्या माणसांनी तो काढला नव्हता, त्याची लाइनही तोडली नव्हती. आतल्या गाळासकट, वायरीचं टोक नुसतं चिकटपट्टीत गुंडाळून, वर पॅनल ठोकला होता. चिकटपट्टी ओलीनं सुटली होती. उघडं तांबं आणि पॅनलचा लोखंडी स्क्रू ह्यांच्यात बोटभर अंतर होतं!

"हे... हे चालू होतं?"

"मी मेन पाडेपर्यंत चालू होतं, मामा."

आनंदराव खाली फरशीवर बसले. त्या कोपऱ्यात दर वर्षी कोण झोपतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पारशिवनीच्या पुतणीची लेकरं. कोपरा मिळावा म्हणून भांडतात. रात्रभर लाथा झाडतात, भिंत खरवडतात, तांब्या लवंडवतात. परवा तीच लेकरं इथं झोपणार होती. पाहुण्यांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून ह्या माणसानं पाहुण्यांच्या लेकरांच्या उशाशी मरण झाकून ठेवलं होतं!

फोन गेला तसा मार्तंड स्कूटरवर आला. गालात खर्र्याचा, तंबाखू-सुपारीचा तोबरा. उघडी भिंत पाहून तो जरा चपापला, पण लगेच सावरला.

"काका, सारेच असं करून राहिले. कॉलनीत मीच केलं सारं काम. कोणी काही म्हटलं नाही."

आनंदरावांचा हात उचलला गेला. "माझी बायको मेली असती, बदमाशा!"

"मले काहून मारता?" मार्तंड मागे सरकत म्हणाला. "मी म्हटलं होतं ना, काका, भिंत ओली आहे, थोडं थांबू? आठवा! तुम्ही म्हणाले, थांबायले वेळ नाही, झाकून टाक. तुम्ही झाका म्हणाले, मी झाकलं."

उचललेला हात तिथंच राहिला. कारण ते खरं होतं! शब्द न् शब्द खरं होतं.

पण सोनिकानं मार्तंडलाही सोडलं नाही. "भाऊ, मामानं चूक सांगितली हे मान्य. पण उद्या कोणी पेशंट म्हणन का जखम धुऊ नका, वरून पट्टी बांधा, तं डॉक्टर बांधन का? काम येणाऱ्यानं 'नाही' म्हणायचं असते. ओल्या भिंतीवर पॅनल नाही ठोकणार, बुडालेली वायर तपासल्याशिवाय नाही झाकणार. जो गिऱ्हाइकाले नाही म्हणू शकत नाही, तो कारागीर नाही, निव्वळ हमाल आहे!"

मार्तंडनं मान खाली घातली. मग बाहेर जाऊन खर्रा थुंकून आला आणि म्हणाला, "सांगा ताई, कसं कराचं ते. बाकीच्या घरायलेही जातो मग."

त्याच दुपारी दीपमालाबाईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, वाफ दिली, आणि आनंदरावांना बाजूला घेऊन असं काही फैलावर घेतलं की ते बाहेर आले ते चष्मा पुसतच. त्या घरात एवढ्यात झोपायचं नाही, अशी ताकीद मिळाली. दीपमालाबाई वरच्या मजल्यावर त्याच शेजाऱ्यांकडे राहायला गेल्या. उघड्या खिडकीशी निजल्या आणि सकाळी म्हणाल्या, "चहात साखर कमी पडली वं आज." पूर्ण वाक्य! एका दमात! कौसल्याबाईंना रडूच आलं.

इकडे घर उघडं पडत गेलं. पॅनल, प्लाय, नाल्याचं पाणी प्यालेला सोफा, वाळवून परत घातलेल्या गाद्या, सगळं बाहेर. "ही गादी तं उन्हात सुकवली होती," आनंदराव म्हणाले. सोनिका म्हणाली, "ऊन पाणी काढते, मामा. आत शिरलेला संडास नाही काढत." पोकळ वाजणारा गिलावा विटेपर्यंत खरवडला. भिंती आधी साबणानं घासल्या, मग जंतुनाशकानं पुसल्या, कारण घाणीवर औषध ओतलं तर ते घाणीतच मरतं. परवानाधारक वायरमननं बुडालेली सगळी वायर बदलली, अर्थिंग तपासलं. आता राहिलं सुकवणं. खिडक्या सताड उघड्या, पंखे, ओल ओढणारं मोठं यंत्र.

"रंग कधी?" आनंदरावांनी विचारलं.

"वरच्या कोरड्या भिंतीवर मशीन जे दाखवते तेच इथं दाखवन तेव्हा. महिना लागो, दोन लागो. दसरा पाहून भिंत सुकत नाही."

त्या संध्याकाळी आनंदरावांनी स्वतः एकेका नातेवाइकाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणाले, "आमचं घर यंदा झोपायच्या लायकीचं नाही." आणि पलीकडून काय उत्तर आलं? "मंग काय झालं गा भाऊ? विहारात झोपू!" ज्या लाजेपायी त्यांनी घरात विष कोंडलं होतं, ती लाज त्यांच्या डोक्याबाहेर कुठं नव्हतीच!

दसऱ्याला पाहुणे आले. कॉलनीच्या विहारात सतरंज्या पडल्या, अंगणात चूल पेटली. आणि आनंदराव काय करत होते? येईल त्याचा हात धरून त्याला त्या नागड्या, विटा दिसणाऱ्या हॉलमध्ये नेत होते. काढून ठेवलेला तो काळा पॅनल, आता प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, दाखवत होते. "पाहा! हे मी केलं होतं. माझ्या हातानं!"

खाप्याहून आलेले नात्यातले रोशन जावई त्या पॅनलपाशी वाकले आणि काळी बुरशी निरखू लागले.

"काय झालं, जावईबापू?"

"मामाजी, आमच्या घरीही शिरलं होतं ना कन्हानचं पाणी, ऑगस्टात. आम्ही सरळ पुट्टी मारून रंग देल्ला. बाबाची खाट त्याच भिंतीले आहे. बाबाले पंधरा दिवसांपासून दम लागून राहिला. आम्ही म्हटलं, वय झालं."

आणि तिथंच, त्या उघड्या विटांमध्ये उभं राहून, जावयांनी खिशातून फोन काढला.

"आई, मी बोलून राहिलो. ऐक. बाबाले अंगणात आण. आत्ताच्या आत्ता. खाट राहू दे, आधी बाबाले आण! अन् खालच्या खोलीतलं कोणतंच बटन दाबू नको. ओल्या भिंतीले हात लावू नको. हाव, मी निघालो, डॉक्टरले घेऊनच येतो."

तर नागरिकहो, पूर दारातून जातो, भिंतीतून जात नाही. त्याला बाहेर काढायची रीत आहे: आधी वीज तोडा, मग उघडा, फेका, धुवा, सुकवा, मोजा, आणि सगळ्यात शेवटी सजवा. ही रीत जाणणाऱ्याला बोलवा, आणि जो कारागीर "थांबा" म्हणतो त्याच्यावर चिडू नका. ओल झाकणारा माणूस घर दुरुस्त करत नसतो. तो आपल्याच माणसांना त्यात कोंडत असतो!