चाचणी-दोन खोलीतली तार

मित्रांनो, हुश्श! वाचले एकदाची. आता निवांतपणे सांगते.

मी एक जुनी तार आहे. पण मला ना तांबं, ना वजन. एका उंदरानं मला कुरतडायचा प्रयत्न केला, तर बिचारा उपाशी परत गेला! मी नुसती आज्ञांनी बनलेली, आभासी तार; राहते दवाखान्याच्या संगणकात. तिथे आतल्या आत बंद खोल्या पाडलेल्या असतात, त्यांना नेमस्पेस म्हणतात. एकीतला गोंधळ दुसरीत जात नाही. माझं एक टोक बाहेर, दुसरं रक्ततपासणीच्या खोलीत. अहवाल माझ्यातूनच बाहेर जातात.

संगणक विभागातल्या ताईंनी एक ओळ टाइप केली आणि मी जन्मले. त्यांनी कौतुकानं आधी पत्ता दिला, म्हणजे माहिती मला शोधत येते तो आकडा, मग मला आत ढकललं. उंबरठा ओलांडताच पत्ता गळून पडला आणि मी गाढ झोपले!

"अगं, आधी पोरीला घरात जाऊ दे, मग पाटी लाव," त्यांचे वरिष्ठ, काका, हसले.

ताईंनी पत्ता पुन्हा दिला, मला उठवलं. घाईत खोलीचं नाव मात्र 'चाचणी-दोन' ठेवलं, जणू तात्पुरता प्रयोगच. "उद्या बदलते," म्हणाल्या. तो उद्या सात वर्षं उगवला नाही. सुरुवातीला "काय पळते हो!" म्हणणारे सगळे मला विसरले.

आज सकाळी काकांनी साफसफाई काढली.

"चाचणी-दोन? हे कुणाचं भूत? आतलं सगळं बंद कर आणि खोली पाडून टाक."

खोली गेली की माझं आतलं टोक मरतं, आणि त्याच्यामागे बाहेरचंही. तिकडे शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक आजी होत्या. त्यांना कोणतं रक्त चालेल, तो अहवाल अजून निघायचा होता. मी ओरडले, पण तारेला घसा कुठला?

ताईंचं बोट एंटरवर गेलं. थांबलं.

"काका, एकदा आकडे बघू?"

"बघ बाई, होऊ दे तुझं समाधान."

माझ्यातून किती माहिती गेली, तो आकडा त्यांनी पाहिला. पुन्हा पाहिला. वाढला होता!

"अहो, ही जिवंत आहे! रक्ताचे अहवाल हिच्यातूनच जातात!"

काकांनी खुर्ची पुढे ओढून आकडा स्वतः पाहिला. "पाटी लावायला सांगितली होती ना मी?"

"लावली होती की. चुकीची."

तेवढ्यात आजींचा अहवाल माझ्यातून सुळकन गेला. फोन आला, रक्त चढलं, आजी ठीक आहेत.

आता माझ्या नावापुढे टीप आहे: 'रक्ततपासणी. हात लावू नये.' ताईंनी लिहिली, काकांनी दोनदा वाचली.

मित्रांनो, नाव आजच नीट लिहा. आणि काही पुसण्याआधी, आत कुणी काम करतंय का, ते बघा. चला, निघते. पुढचा अहवाल दारात उभा आहे.