तांब्याच्या अंगरख्याचं इंजिन

माझी थोरली बहीण चंद्रव्वा हिनं मंगळवार पेठेतल्या भंगारवाल्याकडून ते इंजिन घेतलं, तेव्हा मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नकोच म्हणालो असतो.

साल एकोणीसशे एकतीस. भवानी पेठेत अक्काची पिठाची चक्की होती. भावजी गेल्यावर ती एकटीच चालवायची. मी कापडाच्या गिरणीत कामाला. पाळी सुटली की तिच्याकडे हात लावायला जायचो. त्या उन्हाळ्यात चक्कीच्या ऑईल इंजिनाच्या सिलिंडरला उभी चीर गेली आणि चक्की बंद पडली. नवीन इंजिन घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून हे जुनं.

बैलगाडीतून चौघांनी उतरवलं. हिरवा रंग फासलेला, आडवा पडलेला एकच सिलिंडर, बाजूला जाड चाक. दिसायला चक्कीच्या इंजिनासारखंच. कुठं नाव नाही, पाटी नाही. पाटीच्या जागी नुसती चार भोकं.

श्रीमंत नावाचा फिटर दोन दिवस खपला. तिसऱ्या दिवशी हात पुसत म्हणाला, "अक्का, ऑईल इंजिनाचं डोकं दिव्यानं तापवावं लागतं. ह्याला दिवा लावायची जागाच न्हाय. बोटीचं असंल, न्हाय तर कुठल्या पंपाचं. मोडीत घाला."

तो गेल्यावर मीही तेच म्हणालो. अक्का इंजिनाकडे बघत उभी होती.

"मल्लप्पा, एवढं घडवून कुणी तरी केलंय की रे हे. कशासाठी केलंय ते तरी कळू दे."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन इलाहीबक्ष मिस्त्रीला घेऊन आली. हा पुणे नाक्यावर लॉऱ्या दुरुस्त करायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं पहिल्या दिवशी पिशवीतून पाना काढलाच नाही. गोणपाट टाकून बसला आणि नुसता बघत राहिला. एकदा पालथा पडून खालून बघितलं. जाताना एवढंच म्हणाला, "उद्या रॉकेल आन् चिंध्या लागतील."

पुढचे दोन दिवस तो रंग खरवडत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सिलिंडरवरचा हिरवा पापुद्रा निघाला आणि आतून लालसर चकाकी आली.

"अय्यो, तांबं!" अक्का पुढं आली.

"तांबंच," इलाहीबक्ष म्हणाला. "सिलिंडरभवती पाणी खेळवायला जाड ओतीव लोखंड असतंय. हितं पातळ तांब्याचा अंगरखा घातलाय. का घातला असंल?"

त्यानं तांब्यावर टिचकी मारली.

"वजन वाचवायला. चक्कीचं इंजिन जागचं हलत न्हाय, त्याला वजनाची काय फिकीर? ज्याला चालायचं असतंय त्यालाच हलकं राहावं लागतंय." मग त्यानं खालच्या अंगाला थापून बसलेला चिकटा पत्र्यानं खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. वर काळी माती, मधे तांबडा मुरूम, खाली पुन्हा काळी माती. "चक्कीचं इंजिन पीठ खातंय. ह्यानं रस्ता खाल्लाय, मल्लप्पा."

जाड चाकाशेजारी एक ढोलकं होतं, त्यावर दोन पट्टे आवळलेले. श्रीमंतला त्याचा अर्थ लागला नव्हता. इलाहीबक्षनं ते उघडलं आणि पहिल्यांदाच हसला. "फोर्ड गाडीत पायानं पट्टा दाबून गिअर पाडतात, तसंच हे. आन् हे दातेरी चाक साखळीचं. अक्का, हे मोटारीचं इंजिन हाय. लई जुन्या मोटारीचं. मी ह्या धंद्यात यायच्या आधीचं."

मी म्हणालो, "मोटारीचं इंजिन पुढं असतंय, उभं असतंय. हे आडवं कसं?"

"पुढं असतंय हे मागनं ठरलं. आधी कुणाला काय ठाव होतं? ज्याला जसं सुचलं तसं त्यानं केलं."

ठिणगीचा प्लग बसायचं भोक कुणी तरी लोखंडी बोल्ट ठोकून बंद केलं होतं. तेही त्यानं शोधून काढलं. मग पिस्टन बाहेर ओढला, सिलिंडरच्या आत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. पिस्टन पुन्हा आत सरकवून कडेशी कागदाची पट्टी घालून बघितली, ती शिरेना. तो उठून उभा राहिला आणि उजवा हात कपाळाला लावला.

"कुणाला सलाम, मिस्त्री?" अक्कानं विचारलं.

"ज्यानं हे इतकं नेमकं घासलंय त्याला. त्याचं नाव ठाव न्हाय, गाव ठाव न्हाय. पण मिस्त्री होता."

मोटारीचं आहे एवढं कळलं, पण कुठल्या मोटारीचं ते कळेना. इलाहीबक्षला वाटत होतं, ठाऊक असेल तर जुन्या ड्रायव्हरलाच. तो चार ठिकाणी विचारून आला. अक्कलकोटचा बसवराज नावाचा म्हातारा पूर्वी इथल्या एका कापूसवाल्या शेटजींची मोटार चालवायचा, असं कळलं. सुट्टीच्या दिवशी मी जाऊन त्याला रेल्वेनं घेऊन आलो. सत्तरीचा माणूस, पण ताठ चालायचा.

त्यानं चक्कीत पाऊल टाकलं आणि दारातच थांबला. मग पुढं येऊन तांब्यावर पंजा ठेवला.

"क्याडिलाक," तो म्हणाला. "अमेरिकेची. साल एकोणीसशे चार-पाचच्या सुमाराची. हे सीटखाली असायचं, आन् वर मी."

"शेटजींच्या गाडीतलंच का हे?" अक्कानं विचारलं.

"तसं सांगता येत न्हाय, तंगी." लहान बहिणीला कानडीत म्हणतात तसं तो तिला तंगी म्हणाला. "पर जात हीच. साखळी मागच्या चाकाला. हँडल बाजूनं मारायचं, समोरनं न्हाय."

इलाहीबक्षनं जुन्या फोर्डची कॉईल आणि बॅटरी आणून जोडली होती. पिस्टन जागेवर गेला होता, पेट्रोल भरलं होतं. हँडल घालून तो वाकला, तसा म्हातारा ओरडला, "थांब! आधी ही ठिणगीची दांडी मागं घे." त्यानं बाही वर केली. मनगट वाकडं जुळलेलं होतं. "ठिणगी लवकर पडली की हँडल उलटं फिरतंय. मला शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून हाड मोडल्यावर शिकलो."

इलाहीबक्षनं दांडी मागं घेतली. एक फेरा, दोन फेरे. तिसऱ्याला इंजिन खोकलं, धूर सोडला, आणि ठप्प, ठप्प, ठप्प करत चालू झालं. इतकं सावकाश की ठोके मोजता यावेत. बसवराजनं डोळे मिटून ऐकलं. अक्कानं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

बंद केल्यावर इलाहीबक्षनं हँडल काढून चिंधीनं पुसलं. मग म्हणाला, "अक्का, रस्त्याचं जनावर हाय हे. चक्कीला जुंपायचं म्हणजे..."

"रस्ता कुटंय आता त्याचा?" अक्का म्हणाली. "गाडी गेली, चाकं गेली. हे तेवढं ऱ्हायलंय. काम करू दे की त्याला."

"खरं बोलली," बसवराज म्हणाला. "बसून गंजायचं लई वाईट असतंय."

मग इलाहीबक्ष कामाला लागला. पेट्रोलवर चक्की परवडणार नव्हती. रॉकेलची वाफ व्हावी म्हणून त्यानं त्याची नळी धुराच्या गरम नळीला गुंडाळली. इंजिन पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं. दोनदा फसलं, दोनदा त्यानं निमूट सगळं खोललं. आठव्या दिवशी पट्टा चढला, दगड फिरला आणि अक्कानं पहिली ज्वारी ओतली. खालून आलेलं गरम पीठ तिनं चिमटीत चोळून बघितलं.

"बारीक पडतंय," ती म्हणाली.

सात वर्षं त्या इंजिनावर अख्ख्या पेठेचं दळण झालं. इलाहीबक्ष आपल्या ओळखीचे मिस्त्री घेऊन यायचा, त्यांना पालथं पडून खालून बघायला लावायचा. अक्काला कंपनीचं नाव शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. दळणाला आलेल्या बायकांनी विचारलं की ती म्हणायची, "हाय कुठली तरी अमेरिकेची. पर वळखलं आमच्या इलाहीबक्षनं, नुसतं बघून बघून."