जावयाच्या ताटावरचं नाव

"बॅग गल्ल्यामागं ढकल अन् बस आधी. दोन महिने झाले, गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघून वापस जायलंय," गुरम्मा म्हणाली.

लेक तैवानात चिनी भाषा शिकून आली होती. विमानातून हैदराबादेत उतरून, रात्रभर गाडीत अंग आंबवून सुकन्या औशाला पोचली, तर आईनं घर दाखवायच्या आधी तिला भांड्यांच्या दुकानात आणून बसवलं. धोंड्याचा महिना सरत आलेला. जावयाला द्यायच्या भांड्यांवर जो तो नाव घालून मागायचा, आणि नाव घालायचं मशीन गुरम्माच्या नवऱ्याच्या माघारी लेकीच्याच हातात. गुरम्मा शाळेत गेली ती दोन पावसाळे. तोंड मात्र वकिलाचं.

"चहा तरी दे की, अव्वा."

"देते. चिन्यांनी पाजला न्हाई वाटतं?"

समोर गिऱ्हाईक कस्तुराबाई ताट मांडीवर घेऊन बसलेली. "पोरी, नीट घाल गं. जावई लई तिरकस हाय, नाव चुकलं तर ताटाला हात लावायचा न्हाई."

सुई ताटावर टरटरू लागली. तेवढ्यात शेजारचा कापडवाला शरणप्पा पायरीवर येऊन टेकला. "काय ताई, आता चीनचा माल थेट औशात म्हनं?"

ही बातमी गुरम्मानंच बाजारभर केली होती. निम्मा माल तिकडूनच येतो. पोरगी त्यांच्याच बोलीत भाव करंल, मधला दलाल कटंल, या हिशोबावर तिनं पोरीला विमानात बसू दिलं होतं.

"मी मालासाठी गेलतेच न्हाई, काका," सुकन्या मान वर न करता म्हणाली. "शिकायला गेलते. तिथल्या कॉलेजानं परत बोलावलंय. दोन वर्षं."

शरणप्पाला एकाएकी आपलं दुकान उघडं टाकल्याची आठवण झाली. कस्तुराबाईही नाव घातलेलं ताट पदराखाली घेऊन निघाली. गुरम्मा कळशा पुसत राहिली. पुसलेल्याच पुन्हा.

"कवा जायचं?"

"पोळ्याआधी. अव्वा, दुकानात माणूस ठेव की."

"ठेवला होता आखाडात. त्यानं जावयाच्या ताटावर सासऱ्याचं नाव घातलं. गिऱ्हाइकानं भर बाजारात ते ताट माझ्या पुढ्यात आपटलं." फडकं थांबलं. "मला वाचाय आलं असतं, तर दिलं असतं का मी ते?"

असलं काही आईच्या तोंडून सुकन्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. ती उगीच मशीनची वायर बोटाला गुंडाळत बसली.

"मग राहू का मी?"

गुरम्मानं लेकीकडं पाहिलं. डोळ्यांखाली काळं, केस धुळीनं पांढुरके. राहा, हा शब्द दातांपर्यंत आला होता.

"राहा म्हनले का मी?" ती म्हणाली, आणि कपाटाखालचं पोचा गेलेलं एक झाकण ओढून काढलं. "सरक तिकडं. बसू दे मला."

गुडघे धरत ती खाली बसली. मशीन हातात धरून तिनं सुरू केलं. सुकन्यानं तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि 'ग'ची पहिली रेघ दोघींनी मिळून ओढली.

"हात काढ," गुरम्मा म्हणाली.

सुकन्यानं हात काढला. सुई घसरली, रेघ वाकडी होत झाकणाच्या काठापर्यंत गेली. गुरम्मानं मशीन बंद केलं नाही.