तात्याबाचं वजन

नानासोंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, आणि आता ते स्वतःच दारात उभे होते.

पत्र आलं होतं श्रावणात. माण तालुक्यातल्या गावाहून, नातीकडून लिहून घेतलेलं. ‘साताऱ्याच्या तुरुंगातील जुन्या कैद्यांवर तुम्ही लेख लिहिला. त्यात आमच्या गावच्या चौघांची नावे आहेत. पैकी तात्याबा माझे आजोबा. ते फितूर झाले होते का, एवढेच कळवावे.’ खाली नानासोंची वाकडी सही.

एवढंच कुणी विचारत नाही. जुने कागद शोधणाऱ्यांना बहुधा दाखला हवा असतो, नाहीतर जमीन. शिवाय मी सांगलीच्या कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल. इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घ्यायची माझीच मला लाज वाटते. पत्र मी एका पुस्तकात ठेवून दिलं.

“आवं, तुमीच का ते जेलचं मास्तर?”

“जेलचा नाही हो. ग्रंथपाल होतो.”

ते खुर्चीच्या कडेवर बसले. हातात औषधांची पिशवी. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं होतं. “रंगुबाई म्हनली, सांगली हितं हाकंवर हाय. इचारून या एकदाचं, न्हाईतर जलमभर माजं डोकं खाल.”

भार्गवी, माझी सून, चहा ठेवता ठेवता हळूच म्हणाली, “बाबा, कशावर सही करू नका.”

नानासोंनी ऐकलं. “सई नगं, ताई. सईचं आमालाच लय भ्या वाटतं.”

ती लाजून आत गेली. नानासोंनी चहाकडे पाहिलं, पण कपाला हात लावला नाही.

“पत्र पोचलं व्हतं?”

“पोचलं.”

“मग? पैसं लागत्यात का उत्तराला?”

“छे छे, नाही!”

“मग झाकून ठिवायसारखं कायतरी असंल.”

माझे कान तापले. कारण ते खरं होतं.

मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. “मोठा दुष्काळ हुता तवाची गोष्ट. लोकं पाला उकडून खात हुती, आन धान्याच्या गाड्या लोणंदच्या ठेसनाकडं चालल्याल्या. चौघांनी एक गाडी अडवली, पोती गावात वाटली. मागनं पोलिसानं चौघांना बरूबर उचललं. तिघं साताऱ्याच्या जेलातच मेलं. आमचा आज्जा तेवढा माघारी आला. पर कसा आला? गाल वर आल्यालं, पोटऱ्या भरल्याल्या! गावात नुसती हाडं चालत हुती, आन ह्यो गुबगुबीत. लोक म्हनलं, जेलात कोन जाड हुतं व्हय? ह्योच फुटला, म्हनून सरकारनं पोसला. तवापासनं आमाला तुरुंगपोशे म्हनत्यात. माझ्या लग्नात पंगतीला बसलो, तर एकजन वराडला, वाढा रं वाढा, ह्यांना सरकारी खान्याची सवं हाय!”

ते हसले. मला हसता आलं नाही.

“आता पोरं चावडीम्होरं दगड बसवत्यात, गाडी अडवनाऱ्यांचा. दगडावर नावं तीन. मी इचारलं, चौथं कुटं हाय? त्या पोरांचा म्होरक्या बाळासो म्हनला, नाना, पुरावा आना. त्येचा पणजा त्या तिघांतला. रोज त्या दगडाम्होरनं माझी नात कॉलेजला जानार, मास्तर.”

मी आतून माझी टिपणं आणली, तुरुंगाच्या जुन्या वहीतून उतरवलेली. कैदी आत आला की त्याला काट्यावर उभं करत आणि त्यानंतर दर पंधरवड्याला. कैदी वाळला तर तुरुंगाधिकाऱ्याला वर जाब द्यावा लागे. त्यामुळे बाकी रकाने कसेही भरलेले असले तरी वजनाचा रकाना नीटनेटका असे.

“तात्याबा. आत येताना एक्क्याऐंशी रत्तल,” मी वाचलं. “म्हणजे छत्तीस-सदतीस किलो.”

“आमचा बोकूड हाय की तेवढा!”

“सुटताना एकोणपन्नास किलो.”

त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजी खरंच जाड झाला हुता.”

“थांबा. हे बाकीचे तिघं बघा. यांचीही वजनं वाढली आहेत. त्या साली तुमच्या भागातून आलेला जवळजवळ प्रत्येक कैदी आत वाढला आहे. दोन वेळची भाकरी मिळत होती, दुसरं काही नाही. पुढे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि त्यात ते तिघं गेले.”

नानासोंनी माझ्या बोटाखालचे आकडे पाहिले. वाचता येत असावेत, कारण ओठ हलत होते.

“चौघंबी जाड झालं हुतं,” ते सावकाश म्हणाले. “गावाला एकच दिसला.”

इथे मला थांबता आलं असतं. माणूस समाधानाने मिरजेला गेला असता. पण उत्तर न देण्याचं माझं खरं कारण पुढच्या ओळीत होतं. ती वगळली तर उरलेलंही खोटं ठरेल, असं मला वाटत राहिलं.

“आणखी एक शेरा आहे. पटकीनंतर तात्याबाला पहारेकरी नेमलं होतं. कैद्यांवर पहारा करायला कैद्यांतूनच माणसं घेत. त्याबद्दल शिक्षेत सूट मिळे.”

पंखा फिरत होता. पिशवीतल्या औषधांचा कागद फडफडला.

“म्हंजी सरकारचं काम केलं त्येनं.”

“हो. शेरा मोडीत आहे. माझं मोडी काही फार...”

“वाचाय चुकला असाल?” त्यांनी एकदम वर पाहिलं.

हो म्हणावंसं फार वाटलं. आयुष्यात मी कितीतरी ठिकाणी चुकलोच असेन. पण ती ओळ मी भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहिली होती.

“नाही,” मी म्हणालो.

“आन फुटल्याचं?”

“त्याबद्दल काहीच नाही. फुटला असं नाही, फुटला नाही असंही नाही. असलं त्या वहीत लिहीत नसत.”

नानासोंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग गार झालेला चहा उचलला आणि एका दमात संपवला.

“लिवा मग. समदं लिवा. चौघांची वजनं, पहाऱ्याचंबी.”

“अहो, पहाऱ्याचं वाचून बाळासो काय म्हणेल?”

“म्हनू द्या. वगळलं तर तो त्येवढंच हुडकून काढंल. तुमी एवढं म्हैनं गप बसला, तर माझ्या मनात काय काय आलं, इचारू नगा.”

मी कागद पुढे ओढला. “आत्ताच लिहून देतो.”

“हातात नगं! म्हंत्याल, म्हातारा सांगलीला गेला आन पायजे ते लिवून घिऊन आला. मोबाइलवरबी नगं, त्येच्यात कायबी करता येतं. टपालानं धाडा. पोस्टमन आदी चावडीत येतो. चार मानसांदेकत फोडीन, नात वाचंल.”

जाताना ते दाराशी वळले. “मास्तर, एक सांगू? राग मानू नगा. मला वाटलं हुतं, बाळासोनं तुमाला गाठलंय.”

“मला वाटलं होतं, तुम्हाला पेन्शन हवी आहे.”

“आता कुनाची पेन्शन, गड्या!” म्हणत ते जिना उतरले.

पत्राचे खर्डे बरेच झाले. ‘बहुधा’ आणि ‘असावे’ हे शब्द आपोआप येत होते, ते खोडत गेलो. पहाऱ्याच्या वाक्यापुढे ‘परंतु’ लिहिलं आणि तेही खोडलं. वजनं चौघांची ओळीने लिहिली. शेवटी लिहिलं, ‘तात्याबा फितूर झाले होते की नाही, हे या कागदांवरून सांगता येत नाही. ज्या कारणावरून गावाने तसे मानले, ते कारण मात्र टिकत नाही.’ हे वाक्य माझ्या अधिकाराबाहेरचं वाटलं. तरी राहू दिलं.

भार्गवीने वाचलं. “एवढ्यानं दगडावर नाव येईल?”

“माहीत नाही गं.”

पाकिटावर नानासोंचं नाव आणि गाव लिहिलं. मग वर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘कै. तात्याबा यांचे नातू’. चावडीत पाकीट फोडण्याआधी लोक ते वाचतील.

कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकलं आणि तिथेच थांबलो. दुपारी टपालखात्याचा माणूस आला, पेटी उघडून पत्रं पिशवीत ओतू लागला. मला पाहून म्हणाला, “आजोबा, चुकून काही टाकलं का? एकदा पेटीत पडलं की मला परत देता येत नाही हं.”

“नाही,” मी म्हणालो. “जाऊ द्या.”