कॉम्प्रेसरच्या पोटातलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना, गळका आणि मोठ्या आवाजाचा कॉम्प्रेसर आहे. चौक गावात जुन्या हायवेच्या कडेला जगदीशचं पंक्चरचं दुकान आहे. तिथे मी गाड्यांच्या टायरांत हवा भरतो. मी सुरू झालो की शेजारच्या ढाब्यावरची माणसं बोलणं थांबवून रागाने माझ्याकडे बघतात. बघोत बापडी. मला माझ्या आवाजाचा अभिमानच होता.

तरुणपणी माझा काय थाट होता! पुण्याकडे निघालेले मोठमोठे ट्रक माझ्यासाठी थांबत. पुढे नवा रस्ता झाला, ट्रक तिकडून जाऊ लागले आणि माझा निळा रंगही उडाला. त्यात माझ्या पोटात पाणी साचतं. हवा दाबून भरली की तिच्यातली वाफ टाकीच्या तळाशी पाणी होऊन बसते. ते रोज काढलं नाही तर आतून गंज चढतो. जगदीशला नेमका याचाच विसर पडे.

आठवण ठेवली ती त्याच्या मुलीने, पौर्णिमाने. शाळा सुटली की ती दुकानात येई, तळाची चावी उघडून पाणी बाटलीत धरी आणि बघत बसे. माझ्या पोटातल्या घाण पाण्यात एवढं बघण्यासारखं काय आहे, हे मला कळत नसे.

बारावीनंतर तिने एका मोठ्या विज्ञान विद्यापीठात अर्ज केला. मार्क चांगले होते. पण अभ्यासाशिवाय आणखी काय केलं, असंही अर्जात विचारलं होतं.

"कराट्याचं सर्टिफिकेट आणून देतो. कोन बघतंय?" चुलतभाऊ रुपेश म्हणाला.

"नको रं. मी एक दिवस तरी खेळलेय का?"

तिने ती जागा कोरी सोडली. दुकानातलं काम लिहावं, हे कुणाच्याच मनात आलं नाही.

मुलाखत मोबाईलवर होती. घरी रेंज नाही म्हणून ती दुकानातच बसली. जगदीशने रेडिओ बंद केला, गिऱ्हाइकांना हातानेच थांबवलं. माझं बटण मात्र बंद करायला विसरला.

"ही जागा कोरी का?" मोबाईलमधल्या बाईंनी विचारलं. पौर्णिमाने मान खाली घातली. नेमका तेव्हाच, झिजलेल्या नळीतून हवा सुटून माझ्यातला दाब उतरला. दाब उतरला की मी आपोआप सुरू होतो. स्वतःला आवरणं माझ्या हातात नव्हतं. मी धडधडू लागलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या आवाजाची लाज वाटली. जगदीशने धावत येऊन बटण बंद केलं.

"हा कसला आवाज?"

"कॉम्प्रेसर हाय, मॅडम. आमचं पंक्चरचं दुकान हाय." ती ओशाळली. "मी रोज याच्या टाकीतलं पाणी काढते."

"यात पाणी कुठून येतं?"

मग ती बोलतच सुटली. पावसाळ्यात बाटली भरून वाहते, थंडीत तळही झाकत नाही. "पण मे महिन्यात पाऊस नसतो, तरी थंडीपेक्षा जास्त निघतं. ते का, ते मी अजून शोधतेय."

"मग हे अर्जात का नाही लिहिलं?"

"ते घरचं काम हाय, मॅडम."

पौर्णिमाला प्रवेश मिळाला.

मित्रांनो, कुणी विचारत नाही अशी कामं तुम्हीही घरी करत असाल. ती सांगायला लाजू नका. आणि आमच्यासारख्या जुन्या यंत्रांच्या पोटातलं पाणी तेवढं काढत चला.

जगदीश आता विसरत नाही. संध्याकाळी बाटली उजेडाकडे धरतो आणि फोन लावतो.

"पौर्णिमा, आज अर्धी भरली गं."

ती काय म्हणते, ते मला ऐकू येत नाही. पण फोन लावण्याआधी तो माझं बटण आठवणीने बंद करतो.