तबकडीतली संध्याकाळ

आर्डिसने पिशवीचा कोपरा कात्रीने कापला. फुस्स करून हवा आत शिरली आणि प्लास्टिकने गच्च आवळलेली सिनेमाची तबकडी सैल झाली. हरणाचं मांस हवा काढून बंद करतात, त्यातली ती जाड पिशवी होती. अशा पिशव्यांवर तिच्या नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या हातचं ‘मागची तंगडी’ नाहीतर ‘खिमा’ असं लिहिलेलं असायचं. हिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आर्डिसने तबकडी कडेने धरून खिडकीपाशी नेली. जूनमध्ये ती चेरीच्या सरबतासारखी लाल होती. आता गोठलेल्या रक्तासारखी काळपट दिसत होती.

“आधी बघ आणि मग बोल,” ती नणंदेला म्हणाली.

“बोलायचं काय त्यात?” लवॉन खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसली. “काळी पडणारच. पाकिटावरच छापलं होतं. उघडल्यावर दोन दिवस चालेल, मग टाकून द्या. माझी पडली, चर्चच्या पाळकबाईंची पडली. तुझी काय चांदीची आहे?”

खरं होतं ते. हवा लागली की काळ्या पडून बंद होणाऱ्या त्या तबकड्या जूनमध्ये ड्वेनच्या पेट्रोल पंपावर आल्या, तेव्हा साऱ्या गावाने त्या उचलल्या. सिनेमा चोरांचा होता आणि वाईट होता. पण त्यातला एक प्रसंग आदल्या ऑगस्टमध्ये गावातल्याच कॅफेत चित्रित केला होता आणि मागच्या टेबलांवर गावचीच माणसं बसवली होती. लोकांनी चोर पाहिलेच नाहीत. प्रत्येकाने आपापलं कोपर शोधलं. दोन दिवसांनी सगळ्यांच्या तबकड्या काळ्या पडल्या, आणि आता त्या पाखरं हाकलायला टोमॅटोच्या वाफ्यांत दोऱ्यांना टांगलेल्या होत्या. भरदुपारी घराघरामागे काळे चंद्र गरगरत. पाखरं मात्र त्यांच्यावर येऊन बसत.

आर्डिसची गोष्ट वेगळी होती. पीच असो, घेवडा असो, हरीण असो, या घरात आलेली वस्तू सहसा खराब होत नसे. तिने जूनमध्ये पाकीट उघडलं, सिनेमा थेट कॅफेवर नेला, खिडकीजवळच्या टेबलाशी कॉफी पीत बसलेल्या आपल्या नवऱ्याला डोळे भरून पाहिलं आणि लगेच तबकडी काढून मांसाच्या पिशव्यांची हवा काढणाऱ्या यंत्रात बंद केली. मग ती तळघरातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये गेली, दोन तंगड्यांच्या मधे. व्हर्लिन त्याआधी फेब्रुवारीत गेला होता. त्याने स्वतःला पडद्यावर पाहिलं नाही.

आर्डिसने तबकडी टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली आणि सिनेमा पळवत कॅफेपाशी आणला.

“हं.”

लवॉनने चष्मा लावला. कॅफे तोच होता. पण काउंटरवर वाद घालणारे तिन्ही चोर तिथे नव्हते.

“चोर कुठे गेले?”

“मागच्या महिन्यात गेले. दरोडा न घालताच.”

“तबकडी काळी पडली की चित्र अंधारं दिसणारच, आर्डिस.”

“मग खुर्च्या टेबलांवर कुणी चढवल्या?”

लवॉन पुढे झुकली. खिडकीबाहेर संध्याकाळ झाली होती. कॅफेतली सगळी टेबलं रिकामी होती आणि खुर्च्या पाय वर करून त्यांच्यावर उलट्या ठेवलेल्या होत्या. टेबलांवर खाणं वाढणारी पोरगी पाठमोरी होऊन लादी पुसत होती. फक्त खिडकीजवळचं टेबल तसंच होतं. तिथे लवॉनचा धाकटा भाऊ बसला होता. समोरच्या खुर्चीवर त्याने आपली बियाणं कंपनीची टोपी ठेवली होती आणि कप दोन्ही तळव्यांत धरला होता. कॉफीतून वाफ येत नव्हती. वाफ त्याच्या तोंडातून येत होती.

“ऑगस्टमध्ये काढलाय ना हा?” लवॉनचा आवाज खाली आला. “पंख्यांचा आवाज येतो म्हणून पंखे बंद ठेवले होते. पाळकबाईंना भोवळ आली होती उकाड्याने.”

“हो.”

व्हर्लिनने कप ठेवला आणि बोटांवर फुंकर घातली. कॉलर वर केली.

मग लवॉनने विचारलं, “फ्रीझरमध्ये ठेवतेस ना तू ही?”

आर्डिसने तबकडी बाहेर काढली आणि एप्रनला न पुसता, नुसती धरून उभी राहिली.

“बाहेर ठेवली तर काळी पडेल,” ती म्हणाली. “आत ठेवली तर तो गारठतोय.”

“पण उठत का नाही तो? पोरगी लादी पुसतेय. एवढं कळू नये माणसाला?”

“खुर्ची धरून बसलाय.”

“कुणासाठी?”

लवॉनला ते विचारल्याचं वाईट वाटलं. त्या दिवशी व्हर्लिनने कॅफेतून घरी फोन केला होता, हे तिला माहीत होतं. सिनेमात बायकाही हव्या आहेत म्हणतात, ये लवकर, तुझी खुर्ची धरून ठेवतो. आर्डिसच्या शेगडीवर वर्षभरासाठी बाटल्यांत भरायच्या पीचचं पातेलं उकळत होतं. अर्ध्यावर सोडलं असतं तर सगळ्या बाटल्या वाया गेल्या असत्या. ‘येतेच,’ ती म्हणाली होती, आणि गेली नव्हती. व्हर्लिनने तेव्हाही तक्रार केली नाही. पण एकदा खुर्ची धरली की तो माणूस हलत नसे. चर्चच्या जेवणात एकदा त्याने लवॉनसाठी जागा धरली होती. लवॉन आलीच नाही आणि पाळकाला उभ्याने जेवावं लागलं.

“एक टोपी तरी घालायची डोक्यात,” लवॉन पुटपुटली. “ती तर खुर्चीवर ठेवलीय.”

आर्डिसने तिच्याकडे पाहिलं. मग ती मागच्या दाराशी गेली आणि खुंटीवरची शिकारीची लोकरी टोपी काढून आणली. नारिंगी, कान झाकणारी. तिने ती पिशवीत तबकडीशेजारी घातली. यंत्र घुरघुरलं, पिशवी आक्रसली, टोपी चपटी होऊन तबकडीला चिकटली.

“कुणाला सांगू नकोस,” आर्डिस म्हणाली.

“सांगेन कुणाला? मला अजून या गावात राहायचंय.”

यानंतर आर्डिसला धीर धरावा लागला. प्रत्येक वेळी पिशवी उघडली की तबकडी आणखी काळवंडायची आणि तिथली संध्याकाळ आणखी पुढे सरकायची. पेट्रोल पंपावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, तसलं आणखी एखादं पाकीट आहे का. ड्वेन हसला.

“त्या लोकांनी गाशा गुंडाळला, बाई. खोकीसुद्धा परत नेली. तुम्हाला चोरांचा एवढा लळा कधीपासून लागला?”

“चोरांचा नाही,” ती म्हणाली आणि दूध घेऊन घरी आली.

लवॉन पुढच्या वेळी आली ती झुकिनीचा केक घेऊन. ऑगस्टमध्ये बागांत झुकिन्यांचा सुकाळ असतो, त्या गावात कुणी कुणाकडे दुसरं काही नेत नाही. केक तिने पत्र्याच्या भांड्यासकट टेबलावर ठेवला आणि गरम भांडं धरायचे हातमोजे न काढता म्हणाली, “चल, काप.”

पिशवीतून तबकडी निघाली. लवॉनने पिशवीत हात घातला, मग ती उलटी केली, झटकली, दिव्यासमोर धरली. पिशवी रिकामी होती.

“पडली असेल फ्रीझरमध्ये.”

“पिशवी आत्ताच कापलीय तुझ्यासमोर.”

पडद्यावर जवळजवळ काळोख होता. कॅफेतले दिवे मालवले होते, पोरगी घरी गेली होती. रस्त्यावरच्या दिव्याचा थोडासा उजेड खिडकीतून टेबलावर पडला होता, आणि त्या उजेडात एक नारिंगी ठिपका होता. डोळे सरावल्यावर त्याखालचा चेहरा दिसला. टोपीचे दोन्ही कान खाली ओढून हनुवटीखाली बांधले होते.

“कान झाकलेत,” आर्डिस समाधानाने म्हणाली.

लवॉन उठली आणि पुन्हा बसली. “आर्डिस, आपण त्याला पुरलंय. जमीन इतकी गोठली होती की खणायला यंत्र आणावं लागलं. मी तिथे उभी होते, तूही होतीस.”

“मला माहीत आहे. ती वेगळी गोष्ट.”

इतक्यात चित्राचे चौकोनी तुकडे पडले. चेहरा गेला, नारिंगी ठिपका दोन ठिकाणी दिसून नाहीसा झाला आणि प्लेअरने तबकडी बाहेर ढकलली. ती आता काळीच होती. फक्त मधल्या भोकाभोवती लालसर कडं उरलं होतं.

“ही शेवटचीच,” आर्डिस म्हणाली. “पुन्हा लागणार नाही. तो तसाच अंधारात बसून राहील. खुर्ची धरून.”

लवॉनने नाक ओढलं. “मग चिठ्ठी घाल. लिही, वाट बघू नकोस म्हणून.”

“लग्न झाल्यापासून मी फ्रीजवर चिठ्ठ्या लावल्या. एक तरी वाचली का त्याने?”

“नाही,” बहीण म्हणून लवॉनला कबूल करावं लागलं.

आर्डिसने ओट्याखालचा खण ओढला. रबरबँड, वाढदिवसाच्या अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या, मोजपट्टी असं सगळं बाजूला सारून तिने तळातून एक किल्ली काढली. मागच्या दाराची. ती वापरलेली दोघींनाही आठवत नव्हती. त्या गावात मागच्या दाराला कुलूप लावायचं म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण काढण्यासारखंच होतं.

लवॉनने तिचं मनगट धरलं.

“हे नको.”

“का? टोपी तर तूच सुचवलीस.”

“टोपी वेगळी. टोपी घालून माणूस जिथे आहे तिथेच बसतो. किल्ली...”

“त्याला येते म्हणाले होते मी,” आर्डिस शांतपणे म्हणाली. “आता मला तिथे जाता येत नाही. आणि त्याला मी तिथे तसा सोडणार नाही. किल्ली हातात पडली की माणूस दुसरं काय करतो? घरी जातो.”

“आणि आला तर?”

“तर जेवेल.”

लवॉनने मनगट सोडलं. यंत्र घुरघुरायला लागलं तेव्हा ती मागच्या दाराबाहेर पडली होती. केकचं भांडं राहिलं तिकडेच.

भांड्यासाठीच ती पुन्हा आली. भांडं नेलं नाही तर लोक काय म्हणतील, असं तिने स्वतःला बजावलं होतं. दुपारचं ऊन कलत होतं. घरामागे पीच शिजल्याचा गोड वास पसरला होता. नेहमीसारखी ती मागच्या पायऱ्या चढली, नेहमीसारखा तिने कमरेने दाराला धक्का दिला आणि कंबर धरून उभी राहिली. दार बंद होतं.

जन्मात पहिल्यांदा तिने त्या दारावर टकटक केली.

आर्डिसने दार उघडलं, तिला आत घेतलं आणि मागे लगेच आतून कुलपाचा खटका फिरवला.

“हे काय नवीन?”

“बस. पातेलं उतू यायला लागलंय.”

लवॉन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि समोरच्या खुर्चीवर तिने आपली पर्स ठेवली. खिडकीच्या फळीवर पिशवी पडली होती. हवा काढलेली, चारी बाजूंनी जशीच्या तशी बंद. आत तबकडी होती, तव्यासारखी काळी. पिशवी उघडायची गरजच नव्हती. आवळलेल्या प्लास्टिकमधून तबकडीच्या कडा दिसत होत्या, आणि तिच्याशेजारी काहीच नव्हतं.

“फ्रीझरमधून काढलीस?”

“आता कशाला ठेवायची गारठ्यात?”

“कधी बघितलंस? किल्लीचं?”

“रविवारी. चर्चहून आल्यावर.”

लवॉनने खुंटीकडे पाहिलं. टोपी नव्हती. शेजारी कोट होता, व्हर्लिनचाच, आणि तो मात्र तिथेच होता. तिला जरा हायसं वाटलं.

“भीती वाटायला लागली ना तुला?” ती म्हणाली. “म्हणून कुलूप. सांगितलं होतं मी. चल, माझ्याकडे राहायला ये थोडे दिवस.”

“कुलूप भीतीने नाही लावलं.”

“मग?”

आर्डिस पातेल्यात लांब चमचा फिरवत होती. “दार उघडंच असलं तर तो आला कधी ते कळायचं कसं? शिकारी माणूस. पायांचा आवाज करतो का तो? खुर्चीत येऊन बसेल आणि मी इकडे पाठ करून उभी असेन.” तिने चमच्याने पाक वर उचलून पाहिला. “कुलूप असलं की किल्लीचा आवाज येतो.”

लवॉनने विषय बदलला. ड्वेनने पंपावर तबकड्यांच्या जागी गळ आणि गांडुळं ठेवलीत, म्हणाली. पाळकबाईंच्या बागेतल्या तबकडीवर चिमणीने घरटं बांधायला घेतलंय, म्हणाली. ती न थांबता बोलत राहिली. आर्डिस ‘हो का’ म्हणत राहिली. पीच उकळत होते, बाटल्या ओट्यावर उलट्या मांडून ठेवल्या होत्या. अजून थोडा वेळ गेला असता तर पाक उतरवता आला असता.

दाराशी आवाज झाला. वर्षानुवर्षं न फिरलेल्या कुलपात धातू घासल्याचा. एकदा किल्ली नीट बसली नाही. आवाज थांबला. गारठलेल्या बोटांनी करावं तसा चाचपडत पुन्हा सुरू झाला.

लवॉनचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिने दाराकडे पाहिलं नाही, आर्डिसकडे पाहिलं.

आर्डिसने हात पुढे करून पातेल्याखालची आच बंद केली. एप्रनला हात पुसले.

“येतेच,” ती म्हणाली.

लवॉनने समोरच्या खुर्चीवरची पर्स हळूच उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.