बाबुरावांनी मोडलेली शपथ

पोयबावडीच्या नाक्यावर मोर्चा वळला आणि भिवा गमरेचा पाय मोडला. पाय लाकडी होता, म्हणून भिवा ओरडला नाही. रस्त्यातच बसला आणि मागून येणाऱ्यांना हात करत म्हणाला, "चला, चला, थांबू नका. मुंबई घेऊन या, मी इथंच आहे!"

आमदार बाबुराव तुळसकर पुढे घोषणा देत होते. कुणीतरी कानात सांगितलं तसे ते मागे फिरले. दोघं एकाच गिरणीतले. बाबुराव आत साच्यावर कापड विणायला, आणि ब्रह्मदेशच्या लढाईतून एक पाय गमावून परतलेला भिवा गेटावर पहाऱ्याला. सत्तावन्न साली बाबुराव संयुक्त महाराष्ट्र समितीच्या तिकिटावर निवडून आले, तेव्हा गिरणीच्या दारात पहिला हार भिवानेच घातला होता. बाबुरावांनी त्याला सरळ पाठुंगळी घेतलं. मोडका पाय भिवाने बंदुकीसारखा खांद्यावर धरला आणि ही वरात परळच्या चाळीत पोचली.

भिवाच्या बायकोने, जाईबाईने, दार उघडलं. नवऱ्याला खाटेवर बसवून तिने गुडघ्याखालची बांधणी सोडली. चामड्याचा पट्टा केव्हाच तुटला होता, त्या जागी काथ्याची दोरी होती. खाली कातडी सोलून लाल झाली होती. बाबुरावांना बघवेना.

"हे कधीपासून?"

"लई दिवस झाले," जाईबाई म्हणाली. "पाय बनतो पुण्याला. एकदा माप द्यायला जा, एकदा घालून बघायला जा, घासला की परत जा. दर खेपेला खाडा. एवढे खाडे केल्यावर गेटावर कोण ठेवील ह्यांना?"

"मला का नाही सांगितलंस रे?"

भिवा हसला. "तू अख्खा महाराष्ट्र मागतोयस. त्यात मी माझा पाय कुठं घुसडू?"

 दुसऱ्या दिवसापासून ते लालबाग, परळ, माझगाव, वडाळा पालथं घालू लागले. लढाईवरून परतलेली इतकी माणसं आपल्या आसपास राहतात, याचा त्यांना पत्ताच नव्हता. कुणाला हात नव्हता, कुणाचे कान तोफेने नेले होते. माझगावच्या गोदीमागे एक डिसोझा भेटला, तो कुबडीवर चालून चालून एका अंगाला कलला होता. गाऱ्हाणं सगळ्यांचं एकच. इलाज आहे, पण तो लांब आहे.

बाबुरावांनी विधानसभेत प्रश्न मांडला. समोरून उत्तर आलं, सैनिकांचा विषय दिल्लीचा. बाबुराव उसळले. "दिल्लीला धडधाकट माणूस दिला तो परळने! त्यातला जो काही उरला, तो परत आला परळातच! त्याने पट्टा बांधायला दिल्लीला जायचं?" आपल्या बाजूची बाकं दणादण वाजली, पण प्रश्न होता तिथेच राहिला.

बाहेर व्हरांड्यात आरोग्यमंत्र्यांनीच त्यांना गाठलं. वयस्क, हळू बोलणारा माणूस. "तुळसकर, आत मला असंच बोलावं लागतं. त्या लोकांना घेऊन बंगल्यावर या. बसून काहीतरी काढू."

इथेच घोडं अडलं. मुंबई मागणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं पडली, त्यानंतरच्या सभेत बाबुरावांनी हजारो लोकांपुढे शपथ घेतली होती, की या सरकारच्या एकाही मंत्र्याच्या घराची पायरी चढणार नाही. पडलेल्यांत त्यांच्याच चाळीतल्या राधाकाकीचा एकुलता एक मुलगा होता.

भिवाला कळलं तेव्हा तो रागावला. "लाकडाच्या तुकड्यासाठी शब्द मोडतोस? मी काथ्या बांधून चालेन."

"चालशील रे. पण मला ते बघत बसायला लागेल ना!"

शेवटी बाबुराव राधाकाकीच्या दारात जाऊन उभे राहिले. काकी तांदूळ निवडत होती. त्यांनी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता.  तिचा हात सुपात फिरत राहिला.

"माझो झील काय परत येवचो नाय," ती म्हणाली. "त्या भिवाचो पाय तरी येवंदे. चढ तू पायरी. पण थयली चाय पिव नको."

बाबुराव भिवा आणि डिसोझाला टॅक्सीत घालून मलबार हिलवर गेले. आठवडाभर घोकलेलं भाषण तोंडातच राहिलं, कारण मंत्र्यांनी आधी भिवालाच विचारलं, "कुठं दुखतं?" आणि भिवा पलटणीतल्या आवाजात सांगत गेला. मध्येच चहा आला. भिवा आणि डिसोझाने घेतला. बाबुरावांनी मान हलवली. "मला नको. चाळीत एका आईला शब्द दिलाय." मंत्र्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, समजायचं ते समजले आणि आपलाही कप न उचलता बाजूला सारला.

"पुण्याहून कारागीर दर महिन्याला पाठवण्याची व्यवस्था करतो," ते म्हणाले. "जागा मात्र तुम्ही शोधा."

बातमी लालबागला पोचायला कितीसा वेळ लागणार? पुढच्याच सभेत बाबुराव बोलायला उभे राहिले आणि मागून हाळी आली, "बाबुराव, बंगल्यावर काय काय खाल्लंत?" लोक हसले. काही शिट्ट्याही वाजल्या. एरवी मैदान गाजवणारे बाबुराव ध्वनिक्षेपकाचा दांडा धरून उभे राहिले. खुलासा करायचा तर काकीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते त्यांना करायचं नव्हतं.

बायकांच्या घोळक्यातून राधाकाकी स्वतःच उठली. "मी धाडलंय तेका!" ती ओरडली. "कोणाक काय विचारूचा आसात तर माका विचारा!" शिट्ट्या वाजवणाऱ्यांनी माना खाली घातल्या. बाबुरावांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाले, "जागा हवी आहे. कोण देतं?" एका व्यायामशाळेच्या वस्तादाने तिथल्या तिथे किल्ली काढून दिली.

पहिल्या रविवारी आखाड्याच्या कडेला सतरंजी अंथरून पुण्याचा कारागीर बसला. चाळीचाळीतून माणसं आली, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, कुणी हातगाडीवर. जाईबाईने नवऱ्याचा नवा पट्टा तीनदा ओढून पाहिला, कारागिराला दोन सूचना केल्या, आणि मग कोपऱ्यात जाऊन पदराला नाक पुसलं. भिवा तांबड्या मातीवरून एक चक्कर मारून आला. पाय जरा कुरकुरत होता.

"कसं काय?" बाबुरावांनी विचारलं.

"नव्या नवरीगत लाजतोय अजून. चालेल हळूहळू."

दुपारी डिसोझाचं माप चाललं असताना एक म्हातारा आत आला. कापसाने दोन्ही कान भरलेले. पाय धड, हात धड. तो बाबुरावांसमोर येऊन ओरडला, "आमच्या कानांचं काय करता?"

 बाबुरावांनी म्हाताऱ्याला सतरंजीवर जागा दिली, त्याच्या कानाला तोंड लावून ओरडले, "बसा! आधी सांगा, कान कुठल्या लढाईत गेले?"

म्हातारा बसला. गोष्ट लांबलचक होती. इराकपासून सुरू झाली. बाबुरावांनी मांडी घातली, जाईबाईने दोघांपुढे चहा ठेवला, आणि ते ऐकत राहिले.